अजून पिकला न्हाई

टेंभुर्णीत साहेबराव गुरुजींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बायकोच्या डोळ्यांत मोतीबिंदू दिसला, तेव्हाही त्यांनी निकाल देऊन टाकला, "अजून पिकला न्हाई. कच्चा काढत नसतात." त्यांच्या वडिलांचा मोतीबिंदू शिबिरात तसाच, पुरता पिकल्यावर काढला होता. गुरुजींच्या लेखी डॉक्टरकी तिथंच थांबली होती.

चांगुणाबाईंनी तीनदा विचारलं. डोकं ठणकायचं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची, बाजूला उभं असलेलं माणूस कळायचं नाही.

"अहो, जालन्याला जाऊन येऊ ना एकदा."

गुरुजी हसायचे. "कच्चं सीताफळ कुणी फोडतं का? पिकू दे, मंग जाऊ."

दोन वर्षं गेली. उजवा डोळा पार गेला, डाव्याला नुसता उजेड कळू लागला, तेव्हा कुठं गुरुजी हलले. शहाण्णव साल होतं. जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तर काचबिंदूही निघाला. त्याला पिकणं-बिकणं नसतं. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस मुकाट्यानं वाळत जाते.

"डाव्या डोळ्याची दोन्ही ऑपरेशनं एकदमच करू," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू काढून भिंग बसवू आणि दाब उतरायला आतल्या पाण्याला वाट करून देऊ. पण नस किती उरलीय, ते मोतीबिंदू निघाल्यावरच कळेल."

गुरुजींनी मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणाचं तरी मुकाट ऐकत होते.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. गुरुजी बायकोच्या अगदी समोर उभे राहिले.

"दिसून राह्यलं का?"

"उजेड हाये," चांगुणाबाई म्हणाल्या. "तुम्ही कुठं हाय?"

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ डोळ्यात पाहिलं. "ऑपरेशन चांगलं झालंय, दाबही उतरलाय. पण नस वाळून गेलीय. यापेक्षा जास्त आता दिसणार नाही. दोन वर्षं आधी यायला काय झालं होतं? कुणी अडवलं होतं तुम्हाला?"

'मी' एवढंच म्हणायचं होतं. गुरुजींना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पण पस्तीस वर्षं वर्गात खणखणीत बोललेली जीभ टाळूला चिकटून बसली.

"मलाच भेव वाटत व्हतं, बाई," चांगुणाबाई म्हणाल्या. "हे तर रोज म्हनायचे, चल म्हनून."

डॉक्टरीणबाई त्यांच्यावर चांगल्याच रागावल्या. घरात शिकलेला नवरा असून त्याचं ऐकलं नाही, मग दुसरं काय होणार, म्हणाल्या. गुरुजी खाली मान घालून, बायकोचा हात हातात धरून, तिला ते सगळं ऐकू देत राहिले.