टाकीतली दारू

मूल गावचे लटारूभाऊ माळकरी. खोकल्याचं औषधसुद्धा, यात दारू नाही ना, असं विचारूनच घेणारे. त्या दुपारी त्यांना वैनगंगेपलीकडच्या गावात सप्त्याला जायचं होतं. सप्ताभर वीणा खाली ठेवत नाहीत; एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. सध्या ती सुकलूभाऊंकडे होती, आणि सुकलूभाऊंचे गुडघे पार गेलेले. बाकी गाव धान कापायला बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात.

एसटी हुकली, म्हणून लटारूभाऊ दुरुस्तीला टाकलेली मोटारसायकल आणायला आरिफकडे गेले. तो नवी रबरी नळी बसवत होता. म्हणाला, आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, त्यानं जुनी नळी खराब झाली. इथेनॉल म्हणजे तांदळाच्या कणकीची, मक्याची, उसाची दारूच समजा. धूर कमी होते म्हणतेत.

लटारूभाऊंनी सीटवरचा हात काढून घेतला. कणकी, म्हणजे तांदळाचा चुरा, तर त्यांच्याही धानाची निघते, आणि त्याच धानाचा भात देवापुढं जातो. मग हे पवित्र की अपवित्र? त्यात नदीपलीकडच्या जिल्ह्यात दारूबंदी.

"पोलीस टाकी हुंगत नाई, भाऊ," आरिफ म्हणाला. "अन् पेऊन राह्यली ते गाडी. तुमी थोडी पेता?"

"पन बसतो तं मीच ना. पेताडाच्या खांद्यावर बसून देवाच्या दारी जाऊ का?"

आरिफनं गाडी पुन्हा स्टँडवर लावली. शेवटी त्याची बहीण सलीमा तिच्या बॅटरीच्या रिक्षातून सोडायला निघाली. वीज कोळशाची, कोळसा जमिनीतला. लटारूभाऊंनी मनात सगळं तपासलं, पिण्यासारखं काही सापडलं नाही. पण पुलाच्या अलीकडेच चार्जिंग संपली. पुढचं अंतर ते पायीच गेले.

देवळात सुकलूभाऊ खांबाला टेकून उभे होते. पाय लटलटत होते, नाम मात्र सुटलं नव्हतं. दोघं एकमेकांच्या पाया पडले, वीणा लटारूभाऊंच्या गळ्यात आली. सुकलूभाऊ भिंतीशी बसले ते बसल्याबसल्या झोपलेच.

तेवढ्यात लाइन गेली. बाहेर भोंगा सांभाळायला ठेवलेल्या पोरानं, अजयनं, जनरेटरची दोरी ओढली, भोंगा पुन्हा बोलू लागला. बांधीत धान कापणाऱ्या बाया तिथूनच नामाला साथ देऊ लागल्या.

लटारूभाऊ वीणेसकट दारापर्यंत गेले. "अजय, त्याच्यात का टाकलं?"

"पेट्रोल. काऊन, बंद करू का?"

त्यांनी बांधीकडं पाहिलं. मग झोपलेल्या सुकलूभाऊंकडं.

"थांब, मले इचार करू दे," ते म्हणाले, आणि विचार काही सुचेना म्हणून नाम घेऊ लागले.