पहिला चिक

अंगणवाडीत नर्सबाई सांगत होत्या, "नवं संशोधन आलंय. जन्मल्यावर तासाभरात आईचं पहिलं पिवळं दूध पाजलं, तर कितीतरी लेकरं वाचतात." मी तिथून उठूनच आले.

माझं ते दूध आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, नासकं म्हणून मातीत पिळायला लावलं होतं. लेकराला गुळाचं पाणी चाटवत राहिल्या. बारशाआधीच त्याला पुरलं.

घरी आले तर गाय नुकतीच व्यालेली. आत्याबाई वासराला कासेला लावत होत्या. खरवसासाठी मी भांडं पुढं केलं, तशा खेकसल्या, "आधी त्याला पिऊ दे. चिकाबिगर वासरू जगत न्हाई."

मी भांडं आपटलं.

"म्हंजे तुमाला ठाऊक होतं, आत्याबाई?"