वळणावरची भिंत

मी एक जुनी भिंत आहे. लांबी नऊ फूट, जाडी नऊ इंच, पोटात विटा आणि अंगावर चुना. मित्रांनो, चाळीसगाव स्टेशनापासून जरा आत दलिचंद शेठजींनी बांधलेले एक लहानसे वस्तुसंग्रहालय आहे. त्याच्या दारातून आत शिरलात की समोर मीच. मला पाहायचे आणि डावीकडे वळायचे; तुम्हाला वळवणे, एवढेच माझे काम. पण तेवढ्याशा कामापायी एक पाप घडले. ते मी लपवणार नाही.

माझा जन्म १९६७ सालचा. शेठजींचा मुलगा निर्मलकुमार मुंबईहून इमारतींचे आराखडे करायला शिकून आला होता आणि ही त्याची पहिलीच इमारत. तिला त्याने एकही खिडकी ठेवली नाही. येणारेजाणारे हसत. "शेठ, कापसाचं गोडाऊन बांधताय का?" असे विचारीत. पण पोरगा हुशार होता, हे कबूल केले पाहिजे. वैशाखात आमच्याकडचा वारा अंग भाजून काढतो आणि सोबत ओंजळभर धूळ आणतो. म्हणून त्याने दारानंतर तीन फूट रुंदीची वाट काढली आणि तिच्या टोकाला मला आडवे घातले. ऊन, वारा, धूळ सगळे माझ्यापाशी अडायचे. मला वळसा घातला की आत गारवा आणि अंधार. छतातल्या वीतभर काचेतून एकाच चौथऱ्यावर उजेड पडे. तिथे एक वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराचा कोरीव दगड, उभा राहणार होता.

हा वीरगळ गिरणाकाठच्या एका खेड्यात, ताईबाई नावाच्या म्हातारीच्या शेताच्या बांधावर होता. तिच्या घराण्यातला तो मूळ पुरुष. उघड्यावर दगड झिजू नये म्हणून तिने तो शेठजींना द्यायचे कबूल केले होते. निर्मलकुमार टेप घेऊन गेला आणि दगड चार फूट भरला, असे लिहून आला. त्या चार फुटांवर त्याने चौथरा बेतला, वाट बेतली, वळण बेतले. पेंटरकडून पाटीसुद्धा रंगवून घेतली: 'एक अज्ञात वीर. मृत्यूचे कारण कळत नाही.' शेकडो वर्षे उभा असलेला दगड जमिनीखालीही असतो, हे शेतातल्या कोणीही सांगितले असते. पण विचारील तो शहाणा कसला!

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दगड बैलगाडीतून दारात आला तेव्हा तो सात फुटांचा निघाला. खालच्या तीन फुटांत, मातीने जपून ठेवलेल्या, गायी कोरलेल्या होत्या. त्यांच्यामध्ये एक माणूस पडला होता आणि त्याचा हात एका वासराच्या पाठीवर होता. गाडीसोबत आलेली ताईबाई त्या गायींवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होती. तिच्या सासऱ्यानेही हे पाहिले नव्हते.

"दख रे भाऊ," ती निर्मलकुमारला म्हणाली, "ह्या बठ्ठ्या आम्हन्या गायी शेतस. आम्हना बुवा यासनासाठे मरना व्हता." मग तिने एकच मागणे मागितले. "दगडले काही व्हवाले नको. आखाजीले मी पानी घालाले येसू." आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पूर्वजांना पाणी घालतात.

"अक्का, काही काळजी करू नका," तो म्हणाला. ती निर्धास्त होऊन गाडीत बसली.

मग दगड आत आणायची खटपट सुरू झाली. आडवा नेला तर माझ्यापाशी वळेना. उभा करावा तर चौकटीला अडे. छतातून उतरवावा तर काच वीतभर. दुपार टळली. शेठजी घाम पुसत म्हणाले, "निर्मल, ही भिंत पाड. चार विटांचं काम आहे, नंतर पुन्हा उभी कर."

"बाबूजी, उद्या पाहुणे ही भिंत बघायला येणार आहेत. वळण गेलं तर माझ्या इमारतीत उरलं काय?"

उंटावरच्या शहाण्यासाठी लोकांनी भिंत पाडली होती, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. आमच्या शहाण्याने भिंत राखली. झुलाल पाथरवटाला बोलावणे गेले. तो दगड पाहून मागे सरला. "भाऊ, यानी पूजा व्हस. माले नका सांगू." निर्मलकुमार म्हणाला, "खालचा भाग मातीतच होता. कोणाला दिसत होता?" झुलालच्या घरी पाच तोंडे होती. त्याने छिन्नी उचलली.

आणि मी? मला आनंद झाला, मित्रांनो. माझा चुना शाबूत राहिला. प्रत्येक घाव मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बरे झाले, मी नाही.

तीन फुटांचा तुकडा उरला. दारात एक पायरी कमी पडत होती, म्हणून तो गायींची बाजू खाली करून तिथेच बसवला. शेठजी उद्घाटनाला आले नाहीत. पाहुण्यांनी मात्र माझ्या वळणाची फार तारीफ केली आणि निर्मलकुमारला हार घातला.

आखाजीला ताईबाई आली. कोरी घागर डोक्यावर, पाय अनवाणी. त्याच पायरीवर पाय देऊन ती आत शिरली, माझ्या अंगाला हात टेकून वळली आणि चौथऱ्यापुढे थांबली.

"भाऊ, आम्हन्या गायी कोठे शेतस?"

पहारेकऱ्याला काही ठाऊक नव्हते. त्याने तिला पाटी वाचून दाखवली.

"अज्ञात कसा?" ती म्हणाली. "नाव शे ना त्यानं. जोधाबुवा. गायीससाठे मरना." पहारेकरी म्हणाला, "बाई, पाटीवर तसं नाही." तिने घागर कलती केली तशी ती त्याने धरली. "इथं पाणी सांडू नका. फरशी खराब होते." ताईबाई भरली घागर घेऊन परतली. त्यानंतर ती कधी आली नाही.

आज माझा पोपडा सुटला आहे, कोणी चुना लावत नाही. त्याचे मला दुःख नाही. मित्रांनो, तुमच्यातले काही जण मोठेपणी इमारती बांधतील. कोणी विश्वासाने दिलेली वस्तू आत मावत नसेल, तर खुशाल भिंत पाडा. विटा पुन्हा रचता येतात. आणि कधी आमच्या संग्रहालयात आलात, तर दारातली पायरी ओलांडून या. तिच्यावर पाय देऊ नका.