उजवा कौल

देवाला एवढंच विचारायचं होतं, मी कबड्डी खेळावी की सोडावी. मला विचारावं, असं घरात कुणाच्या मनातही आलं नाही.

मुंबईत एका बँकेच्या संघातून मी खेळते. नोकरी त्याच जोरावर लागलेली. गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली. आता डॉक्टर म्हणतात, तिसरं केलंत तर एखादा हंगाम खेळाल, पण पुढे जन्मभर जिना चढताना रडाल. मला थांबायचं आहे. आणि खरं सांगू? थांबवतही नाही. चढाईला गेले, मधली रेषा ओलांडली, की हा मेला गुडघा आठवतच नाही. तिथेच घात होतो. म्हणून लांज्याजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा बाबांना म्हटलं, लावा कौल. देवच नाही म्हणाला तर बाबा काय करणार?

देवळात दादू गुरवाने देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर खेळायचं, डावी पडली तर सोडायचं. सगळ्यांनी हात जोडले.

डावी पडली.

मला रडू फुटलं, सुटल्याचं. आईला वाटलं दुःखाचं. तिने जवळ घेतलं.

"दादू, परत लाव," बाबा म्हणाले. ते जन्मभर गावच्या संघात खेळले, पण तालुक्याबाहेर त्यांना कुणी विचारलं नाही. "आमचाच काय तरी चुकला आसंल. देव आसा नाय बोलायचा."

दादूने माझ्याकडे पाहिलं. "मनस्वी, तुजा काय म्हनना हाय?"

नाही म्हणायला असा कितीसा दम लागतो? पण देवापुढे ठेवायला आणलेलं माझं पदक बाबा सदऱ्याच्या टोकाने पुसत होते. मी मान खाली घातली.

दादूने गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, लेकराचा काय चुकला माकला आसंल तर पदरात घे, तिला खेळव रं म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

नव्या कळ्या लागल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग उजवी पडली. बिचारा देव तरी आमच्या बाबांपुढे किती टिकणार?

बाबांनी पदक माझ्या गळ्यात घातलं. त्यांचे डोळे भरले होते. "बोल पोरी, व्हय म्हाराजा बोल."

मी बोलले. श्वास न तोडता बोलले. तेवढं बाबांनी मला लहानपणीच शिकवलं होतं.