वहिनींच्या दम्याचे वैद्य

नाटक कंपनीतला प्रॉम्प्टर म्हणजे असा माणूस, की तो आहे हे प्रेक्षकांना कळलं तर त्याचं कामच फसलं. वहिनी या कामात मुरलेल्या होत्या. विंगेत खुर्ची, मांडीवर संहिता, हातात छोटी बॅटरी. नट अडखळला रे अडखळला की पुढचं वाक्य त्याच्या कानात अलगद जाऊन पडायचं, आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला त्याचा पत्ता लागायचा नाही. त्यांचे यजमान कंपनीत नेपथ्याचं सुतारकाम करायचे. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे, म्हणून या वहिनी. वयाने चांगले मोठे असलेले कंपनीचे नायक, दादा, तेसुद्धा त्यांना वहिनीच म्हणत.

वहिनींना लहानपणापासून दमा होता. त्याच्याशी त्यांचं तसं बरं चाललं होतं. एक पंप रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, दुसरा अचानक धाप लागली तर. दोन्ही पर्समध्ये. पण नव्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या त्या जुन्या पडद्यांच्या धुळीत. धावपळीत रोजचा पंप कधी घेतला, कधी राहून गेला. प्रयोगाच्या दिवसापर्यंत वहिनींच्या छातीत बारीक शिट्टी वाजायला लागली होती.

नाटक खुनाचं होतं. पडदा उघडतो तेव्हा दिवाणखान्यात कोचावर चादरीखाली प्रेत, आणि शेजारी दादा खाली मान घालून उभे. कुणीही बोलायचं नाही, नुसती शांतता. प्रेत व्हायला एकही नट राजी नव्हता, म्हणून रंगभूषा करणारे काका चादरीखाली झोपले होते. पडदा उघडला, प्रेक्षागृह चिडीचूप झालं, आणि त्या शांततेत कोचाला लागून असलेल्या वहिनींच्या विंगेतून आवाज आला, "सूंऽ पीं. सूंऽ पीं."

तिसऱ्या रांगेतला एक गृहस्थ बायकोला म्हणाला, "अगं, जिवंत आहे तो."

त्याने ते हळूच सांगितलं होतं, पण ऐकू सगळ्यांना गेलं. थिएटर हसलं. काकांनी चादरीखाली बराच वेळ तग धरला, पण शेवटी त्यांचंही पोट गदगदा हलायला लागलं. खून झालेला माणूस हसतोय म्हटल्यावर पुढचे तीन अंक कोण गांभीर्याने घेणार?

प्रयोगानंतर कंपनी रंगपटात जमली. वहिनींना मान वर करवेना.

दादा म्हणाले, "वहिनी, हे बघा, तुमचा दमा आता तुमचा एकटीचा राहिलेला नाही. तो कंपनीचा आहे. आपण सगळे मिळून त्याला घालवू."

वहिनींना वाटलं, बोलणी बसण्यापेक्षा हे बरं. त्या "हो" म्हणाल्या. त्यांचा स्वभावच असा, की समोरच्याने मनापासून काही सांगितलं की त्यांच्या तोंडून "नाही" निघायचंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यावर वैद्यांची फौज तुटून पडली. काकांनी कुठेतरी मिठाच्या खोलीबद्दल ऐकलं होतं. त्यांनी वापरात नसलेली कपडे बदलायची खोली रिकामी केली, जमिनीवर पोती पोती मीठ पसरलं, कोपऱ्यात पंखा लावला आणि वहिनींना मधोमध बसवलं. पंखा जरा जोरात लागला. वहिनी बाहेर आल्या त्या लोणच्यासारख्या, आणि पुढे आठवडाभर कंपनीतल्या प्रत्येकाच्या चहाला खारट चव येत राहिली.

कपडेपट सांभाळणाऱ्या ताईंचा भरवसा कांद्यावर होता. झोपताना तळपायाला कांद्याची चकती लावायची आणि वरून मोजे घालायचे. भाऊंनी दोन रात्री सोसलं. तिसऱ्या रात्री उशी उचलून बाहेरच्या खोलीत गेले.

"रागावलात?" वहिनींनी विचारलं.

"छे. राग कसला?" भाऊ दारातून म्हणाले. "भूक लागते, म्हणून झोप येत नाही."

नायिका बाईंचा उपाय मात्र वहिनींना मनापासून आवडला. बाई गाणं शिकलेल्या. त्या वहिनींना खिडकीशी बसवायच्या, नाकाने सावकाश श्वास घ्यायला लावायच्या आणि सोडताना ओठ मिटून गुणगुणायला सांगायच्या. "घाई करायची नाही. श्वास कुणी पळवून नेत नाहीये," असं त्या म्हणायच्या. गुणगुणलं की वहिनींचे खांदे आपोआप खाली यायचे आणि धाप लागायच्या आधी जी भीती वाटायची ती ओसरायची.

दादांचा उपाय सगळ्यात जबरदस्त. त्यांच्या आजोबांपासून चालत आलेला म्हणे. कसलासा वाळका पाला मातीच्या भांड्यात पेटवायचा आणि डोक्यावरून टॉवेल घेऊन तो धूर ओढायचा. वहिनी खोकून खोकून लाल व्हायच्या.

"निघतोय," दादा समाधानाने म्हणायचे. "आतला सगळा दमा निघतोय बघा."

यातलं काहीतरी लागू पडलं खरं. त्यातच धुळकट पडदे धुवायला गेले होते, आणि वहिनीही शरमून रोजचा पंप न चुकता घ्यायला लागल्या होत्या. शिट्टी बंद झाली. लगेच श्रेयावरून जुंपली. काका म्हणाले मीठ, ताई म्हणाल्या कांदा, बाई नुसत्या हसल्या. भाऊ म्हणाले, "ती पंपही घेते," पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

दादांनी मात्र ते ऐकलं आणि त्यांचं डोकं भलतीकडेच चाललं. "पंप घेता अजून? मग धुराचा गुण कळणार कसा? वहिनी, पंप ही नुसती सवय आहे. सोडा."

"दोन्ही?" वहिनींनी चाचरत विचारलं.

"रोजचा तर आजपासून बंद. आणि दुसरा माझ्याकडे द्या. हाताशी असला की हात जातोच."

वहिनींनी तो दिला. दादांसारखा मोठा माणूस इतक्या मायेने सांगतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? दादांनी पंप अंगातल्या कोटाच्या खिशात टाकला आणि विसरून गेले. तो कोट नाटकातला होता.

काही दिवस बरे गेले. मग त्यानंतरच्या पहिल्याच, दुपारच्या प्रयोगाला, "एकदा मोठा डोस होऊन जाऊ द्या" म्हणत दादांनी विंगेतच पाला पेटवला. तिसरा अंक सुरू झाला तेव्हा वहिनींच्या छातीवर कुणीतरी पाट ठेवून बसल्यासारखं झालं होतं. त्यांनी गुणगुणून पाहिलं. श्वासच पुरेना, तर गुणगुणणार कशाने? पंपासाठी पर्स उघडली आणि पंप कुठे आहे ते आठवलं.

रंगमंचावर दादा खुन्यावर पिस्तूल रोखायच्या बेतात होते. खुनी म्हणजे नायिकाच. दादांनी झोकात कोटाच्या खिशात हात घातला, हात बाहेर काढला आणि बाईंच्या कपाळावर रोखला.

हातात निळा पंप होता.

प्रेक्षकांत खसखस पिकली. दादा गोंधळले. पुढचं वाक्य पार उडालं. त्यांनी सवयीने विंगेकडे कान लावला, पण वाक्य येईना. आली ती नुसती ओढून ओढून घेतलेल्या श्वासाची घरघर. त्यांनी तिकडे पाहिलं. वहिनी खुर्चीत पुढे वाकल्या होत्या, ओठ काळेनिळे, आणि एक हात दादांकडे पसरलेला.

चाळीस वर्षं रंगभूमीवर काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग त्या दिवशी रंगाखालूनसुद्धा उडालेला दिसला. ते बाईंना म्हणाले, "तू इथेच थांब. पळून जाऊ नकोस. मी आलोच."

"या सावकाश," खुनी म्हणाली.

दादा धावत विंगेत गेले, वहिनींच्या हातात पंप कोंबला. वहिनींना तो दाबवेना, तेव्हा भाऊंनी हातोडी टाकून पंप धरला. एकदा, मग थांबून पुन्हा. काकांनी धुराचं भांडं उचलून बाहेर फेकलं. तिकडे बाई रंगमंचावर एकट्या होत्या. काही सुचेना, तेव्हा त्या खिडकीशी उभ्या राहून गुणगुणत राहिल्या. दादा परत येतच नाहीत म्हटल्यावर शेवटी त्यांनी स्वतःच गुन्हा कबूल केला आणि पडदा पाडायला लावला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राने शेवट अनपेक्षित असल्याचं कौतुक केलं.

वहिनींना थेट दवाखान्यात नेलं. वाफेतून औषध दिल्यावर त्या सावरल्या. डॉक्टरीणबाईंनी बाहेर पाहिलं तर अर्धी कंपनी मेकअपसकट उभी. त्यांनी सगळ्यांना आत घेतलं आणि एकेक उपाय ऐकून घेतला.

"गुणगुणणं आणि सावकाश श्वास जरूर चालू ठेवा," त्या म्हणाल्या. "त्याने घाबरगुंडी कमी होते, बरं वाटतं. पण ते पंपाच्या सोबत. त्याच्या जागी नाही. मीठ जेवणात घाला, तेही बेताने. कांदा तर पायांपेक्षा पोटात बरा." मग त्यांचा आवाज बदलला. "आणि धूर कुणी दिला?"

सगळ्यांनी छताकडे पाहिलं. दादा पुढे आले. "मी. पंपही मीच काढून घेतला होता. माझं चुकलं." एवढं बोलतानाही त्यांना दम लागला. जिना चढून आल्याचा तो दम अजून खाली बसलेला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाठीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. "किती वर्षांपासून?"

"वय झालं, एवढंच," दादा म्हणाले.

"वय शिट्टी वाजवत नाही हो. दमा आहे तुम्हाला."

कंपनीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादांच्या आरशासमोर कांद्याची टोपली होती, आणि काका पुन्हा मिठाचं पोतं ओढत आले. दादांचीही पंचाईत झाली. इतक्या मायेने दिलेलं नको कसं म्हणणार? ते मोजे काढायला वाकले, तेवढ्यात वहिनी आत आल्या.

"टोपली उचला, ताई. काका, पोतं परत," त्या म्हणाल्या. आवाज अजून बसलेला होता, पण शब्द स्पष्ट. "मलाही आता काही नको. मला जे लागेल ते मी सांगेन."

सगळे गपगुमान निघून गेले. वहिनींना स्वतःचंच नवल वाटलं. इतकं सोपं असतं होय हे?

तेव्हापासून दोघं प्रयोगाआधी बाईंसमोर खिडकीशी बसून गुणगुणतात. दादांना मात्र रोजच्या पंपाची आठवण राहत नाही. एका प्रयोगात ते ऐन भरात बोलत असताना वहिनींना शंका आली आणि त्यांनी विंगेतून नेहमीच्या अलगद आवाजात विचारलं, "सकाळचा घेतला का?"

दादांनी इतकी वर्षं विंगेतून आलेलं प्रत्येक वाक्य इमानाने म्हटलेलं. ते बाईंकडे वळले आणि भरदार आवाजात म्हणाले, "सकाळचा घेतला का?"

"मी घेतला," बाई म्हणाल्या. "तुमचं तुम्ही बघा."