मोटर बंद केली काय?

निघताना हिमानीने मोरीतला नळ बंद केला, पंखा बंद केला आणि लॅपटॉपवरून सर्व्हरही बंद केला. हा सर्व्हर मुंबईत कुठेतरी होता आणि त्यावर तिने आपली पहिलीवहिली वेबसाइट उभी केली होती. क्लाउड, म्हणजे असे दूरचे, भाड्याचे सर्व्हर चालवणं, शिकायला लागून जेमतेम महिना झाला होता. मग न्याहारीचा डबा घेऊन ती बागेत गेली.

बोरगावच्या या घरात काही चालू सोडून बाहेर पडायची सोयच नव्हती. एका वर्षी संत्र्यांना ताण दिलेला, म्हणजे बहर यावा म्हणून झाडांचं पाणी तोडलेलं, आणि तिचे वडील रघुनाथराव मोटर चालू ठेवून सौसरला गेले. बाग भिजली, बहर हुकला. तेव्हापासून ते बसस्टँडवरूनसुद्धा बटण बघायला माघारी फिरत. घरचे त्यांना हसत, पण निघताना हात सगळ्यांचेच बटणाकडे जात.

बागेतून आल्यावर तिने सर्व्हर पुन्हा चालू केला, तर वेबसाइट उघडेना. नागपूरच्या एका कंपनीने नोकरीसाठी हेच करायला सांगितलं होतं. वेबसाइट उभी करा, पत्ता पाठवा, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आम्ही केव्हाही पाहू. पत्ता तिने कालच पाठवला होता, आणि आज शुक्रवार.

पांढुर्ण्याचा चेतन तिच्यासोबतच शिकत होता. तिने त्याला फोन लावला.

"बंद करून चालू केलं का पत्ता बदलते," तो म्हणाला. "पण तू बंद कायले केलं?"

"बाहेर जाऊन राहिली होती म्हणून."

चेतन हसला नाही, त्यामुळे ती जास्तच घाबरली. नवा पत्ता पाठव आणि आता हात लावू नको, एवढंच त्याने सांगितलं. तिने पाठवला. उत्तर आलं नाही. जुना पत्ता त्यांनी आधीच उघडून पाहिला असेल तर?

दुपारी रामाकोन्याला आत्याकडे बारशाला जायचं होतं. आईने दोनदा हाक मारली, तेव्हा ती उठली. बसस्टँडवर पोचल्यावर तिला आठवलं, लॅपटॉप उघडाच राहिला. तेवढ्यात बाबा "आलोच" म्हणून माघारी फिरले.

सर्व्हर बंद करायचं बटण तिनेच परवा त्यांना कौतुकाने दाखवलं होतं, आणि हे तर मोटरीसारखंच आहे म्हणून ते खूश झाले होते. तिने त्यांना फोन लावला. तो आईच्या पिशवीत वाजला. मोबाइलवर वेबसाइट उघडून पाहिली, तर नुसतं चाक फिरत राहिलं.

बस वळणावर दिसली, तेव्हा बाबा घामाघूम होऊन आले.

"बाबा, बंद केलं काय?"

"नाही वं. चालू आहे का, ते पाहाले गेलो होतो. चेतनशी बोलून राहिली होती, ते ऐकलं मी." त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. "चार्जर नव्हता लावलेला. लावून आलो."

लॅपटॉप बंद पडला तरी सर्व्हरला काही होत नाही, हे सांगायचं सोडून तिने त्यांना पाण्याची बाटली दिली.

"पंखा तं बंद आहे ना?" बसमध्ये चढता चढता आईने सवयीने विचारलं.

"लावून आलो," रघुनाथराव म्हणाले. "तापून राहिला होता लॅपटॉप."