कोरमचे अंगठे

बोरदऱ्याच्या ग्रामपंचायतीत मी बावीस वर्षं शिपाई होतो. ऑफिस झाडायचं, झेंड्याची दोरी बघायची, नळाला पाणी सोडायचं, दवंडी द्यायची, तालुक्याचा साहेब आला की चहा सांगायचा आणि तो गेला की त्याच्या नावानं लोकांच्या शिव्या ऐकायच्या. ही सगळी कामं माझ्या नेमणुकीच्या कागदावर होती, निदान असावीत. जे काम त्या कागदावर नव्हतं आणि जे मी सगळ्यात मन लावून केलं, ते म्हणजे कोरम भरायचं.

ग्रामसभेला शंभर माणसं हजर लागतात. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब, पुन्हा नोटीस, पुन्हा दवंडी, म्हणजे पुन्हा माझाच घसा. नियम करणाऱ्यानं आमचं गाव बघितलेलं नसावं. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊस तोडायला जातं. मागं उरतात म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि मी. सव्वीस जानेवारीला झेंड्यापाशी पन्नास माणसं येतात, जिलेबी खातात आणि वाटेला लागतात. सभेला बसायला वीस उरली तरी मी देवाचे आभार मानायचो.

म्हणून मी रजिस्टर काखेत मारून गावातून फिरायचो. "कर बाबा सही." "कशाची?" "ग्रामसभेची." एवढ्यावर काम व्हायचं. लोकांनी चुलीपुढं सह्या केल्यात, गोठ्यात केल्यात, दाढीला साबण लावलेला असताना केल्यात. ठराव काय आहे हे बावीस वर्षांत एकानं विचारलं नाही. आणि एवढं फिरूनही आकडा शंभराला पोचला नाही, तर उरलेले मी ऑफिसात बसून भरायचो.

सह्यांच्या वाटेला मी कधी गेलो नाही. दुसऱ्याची सही करणं म्हणजे चोरी, एवढं मला कळत होतं. पण जी माणसं अंगठा उठवतात, त्यांची नावं लिहून पुढं माझा अंगठा टेकवायचो. कधी डावा, कधी उजवा, कधी शेजारचं बोट, म्हणजे सगळे एकसारखे दिसू नयेत. पाप वगैरे काही वाटलं नाही. उलट वाटायचं, बिचारी परमुलखात राबतायत, आपण त्यांची हजेरी लावतोय. माणूस स्वतःला किती छान समजावतो बघा.

यंदाच्या सव्वीस जानेवारीला विषय होता स्वागत कमानीचा. सरपंच अर्जुनराव यांचे वडील, रामहरीआबा, मागच्या वर्षी वारले. माणूस चांगला होता, गावात सातवीपर्यंत शाळा त्यांच्याच खटपटीनं आली. त्यांच्या नावाची कमान गावाच्या तोंडाशी उभी करायची आणि त्यासाठी तिथला जनावरांचा जुना हौद पाडायचा, असा ठराव होता. अर्जुनराव मला एवढंच म्हणाले, "मुंजाजी, कोरमचं तेवढं बघ." मी बघितलं. सभेत एकवीस, घरोघर फिरून बेचाळीस आणि बाकीचे सदतीस अंगठे माझे. त्यातला एक दगडाबाई सिदू या नावापुढं उठवला.

दगडामावशी आमच्या धनगरवाड्यातली. सत्तरीला टेकलेली बाई. नवरा सिदू कधीच गेला, मुलगा पुण्याकडं कंपनीत लागला, आणि ही साठ मेंढरं घेऊन अजून दर हिवाळ्याला भावकीच्या कळपाबरोबर गंगथडीला, म्हणजे गोदावरीच्या काठाला जाते, मार्चच्या शेवटी परत येते. हौदावर आता तिच्याशिवाय फारसं कुणी येत नाही. बाकीच्यांच्या दारात नळ आहेत आणि दावणी रिकाम्या आहेत. रोज उन्हं उतरली की मी हौदाचा कॉक फिरवायचो, मावशी मेंढरं घेऊन यायची, आणि मेंढरं पिईपर्यंत आम्ही दोघं गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढत बसायचो. माझ्या बायकोला, सुकन्याला, ती दर वेळी गंगथडीवरून काहीतरी आणायची. कधी वांगी, कधी हरभऱ्याचा ढाळा.

एप्रिलच्या शेवटी मला हौदाभोवती चुन्याची रेघ मारायला सांगितलं. मी मारली. संध्याकाळी मावशी आली आणि रेघेपाशी थबकली.

"मुंजा, ही रेघ कशाची रं?"

"कमान व्हायची हाय मावशे. दोन तारखेला जेसीबी येतोय."

"अन हौद?"

"पाडायचा हाय."

ती मेंढरांकडं बघत राहिली. "मंग ह्यांनी कुठं प्यावं?"

मी आपलं म्हणालो, पलीकडच्या वाडीच्या तलावात अजून पाणी आहे.

"दोन कोस हाय त्यो. जायाचं अन् यायाचं. धा-बारा गाभण हायत ह्यात. ह्या उन्हात चालवल्या तर गाभ टाकतील की रं." मग एकदम माझ्याकडं वळून म्हणाली, "ह्ये ठरवलं कुणी?"

"गावानं. ग्रामसभेत."

"गाव म्हंजी कोण? मी न्हाई का गावात?"

मी कॉक बंद करायला वाकलो.

"एक तारखेला परत सभा हाय न्हवं? येते मी. उठून सांगते समद्यांना, मला ह्यातलं काय बी ठावं न्हाई म्हणून."

तिथंच तिला सांगायला हवं होतं. मावशे, रजिस्टरात तुझा अंगठा आहे आणि तो मी मारलाय. एवढंच वाक्य. पुढचे तीन दिवस मी ते तोंडात घोळवत होतो. एकदा तर धनगरवाड्याच्या वळणापर्यंत गेलो आणि घरपट्टीच्या नोटिसा वाटायच्या आहेत असं स्वतःला सांगून माघारी फिरलो. मनात एकच आशा होती. मागच्या सभेचा कागद आमच्याकडं कुणी उघडून बघत नाही. "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले" हे वाक्य आमचे जुने ग्रामसेवक सभा सुरू व्हायच्या आधीच लिहून ठेवायचे.

पण फेब्रुवारीत ते बदलून गेले आणि त्यांच्या जागी राजनंदिनी मॅडम आल्या. अंबाजोगाईच्या, वय तिशीच्या आत. ही मुलगी कागद वाचते. खरोखरच वाचते, पहिल्या ओळीपासून. आल्या आल्या तिनं मला विचारलं होतं, "मुंजाजीकाका, हे अंगठे इतके स्वच्छ कसे उठलेत हो?" मी म्हणालो, पॅड नवा होता.

एक मेची सभा शाळेच्या वऱ्हांड्यात भरली. ऊसतोडीची माणसं परतली होती, त्यामुळं बावीस वर्षांत पहिल्यांदा मी न फिरता शंभराच्या वर माणूस जमलं. मी पाण्याची घागर घेऊन दाराशी उभा होतो. मॅडमनी विषय क्रमांक एक पुकारला आणि इतिवृत्त वाचायला घेतलं. लोक चुळबुळ करायला लागले. कमानीचा ठराव आला तशी दगडामावशी मागच्या रांगेत उभी राहिली.

"बाई, जरा थांबा. ह्ये मला मान्य न्हाई."

अर्जुनराव हसले. तसा माणूस उर्मट नाही. "मावशे, त्यो ठराव सव्वीस जानेवारीलाच झालाय. आता नुसता वाचून दावतेत."

"मी नव्हते. मी गंगथडीला गेलते."

"एकट्या तुझ्यानं काय अडतंय? शंभर माणूस हजर हुतं. सह्या हायत."

"कुणाकुणाच्या हायत? वाचा बरं बाई."

मॅडमनी हजेरीचं पान उघडलं आणि एकेक नाव वाचायला लागल्या. मी हातातली घागर खाली ठेवली. सत्तरच्या पुढं कुठंतरी मॅडम वाचत होत्या, "दगडाबाई सिदू, अंगठा," आणि वाचता वाचता त्या स्वतःच थांबल्या.

"अंगठा उठवून इसरलीस व्हय गं मावशे!" पुढच्या रांगेतला बजरंग ओरडला आणि वऱ्हांडा हसला.

मॅडम हसल्या नाहीत. "आजी, पुढं या. हा अंगठा तुमचा आहे का, बघून सांगा. तुमचा नसेल तर ज्यानं उठवला त्याच्यावर मला कारवाई करावी लागेल."

मावशी पुढं आली. तिला वाचता येत नाही. तिनं त्या निळ्या ठशाकडं बघितलं आणि मग मान वर करून माणसांमधून मला शोधून काढलं. रजिस्टर घेऊन गावातून कोण फिरतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, तिला काय सांगायचं? माझी नोकरीची सहा वर्षं राहिली होती. सुकन्याची कंबर धरलेली, तिच्यानं रोजानं जाणं होत नाही. हे सगळं त्या म्हातारीला माझ्याइतकंच माहीत होतं. मी मान खाली घातली. वाटलं, आता 'माझा न्हाई' म्हणणार, आणि म्हणू दे, तिचा हक्कच आहे.

"माझाच हाय," मावशी म्हणाली.

"पण आजी, तुम्ही आत्ताच म्हणालात की—"

"म्हातारी झाले बाई. आले आसंन मधीच एखांद्या दिशी. ध्यानात ऱ्हात न्हाई."

"मग झालं तर," अर्जुनराव म्हणाले. "ठराव कायम. पुढचा विषय घ्या मॅडम."

मावशी काठी टेकत आपल्या जागेकडं निघाली. बसली नाही, तशीच पुढं पायरीकडं चालायला लागली. एक शब्द बोलली असती तर तिचा हौद वाचला असता. तो शब्द तिनं माझ्यासाठी गिळला. मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. तालुक्याच्या साहेबांनी एकदा चारचौघांत आईवरून शिव्या दिल्या तेव्हाही नाही.

"त्यो अंगठा माझा हाय," मी म्हणालो.

कुणाला ऐकू गेलं नाही. मी दवंडीच्या आवाजात पुन्हा म्हणालो, "मॅडम, त्यो अंगठा माझा हाय! त्यो एकच न्हाई, तसले सदतीस हायत."

मग जो कालवा झाला तो विचारू नका. बायकांत बसलेल्या वनमालाबाईनं उठून रजिस्टर आपल्याकडं ओढलं, "बघू, माझ्या सासूचा हाय का?" सासू, चंद्रभागाबाई, जानेवारीत नातीच्या बाळंतपणाला अंबाजोगाईच्या दवाखान्यात होती, आणि तिचा अंगठा तर दोनदा निघाला. बजरंगच्या आईचा निघाला. मघाशी हसणारा बजरंग माझ्या अंगावर धावून आला, "कावून रं, माझ्या मायच्या नावानं?" अर्जुनराव उठून उभे राहिले होते, चेहरा लाल झाला होता.

"मुंजाजी, मी तुला अंगठे मार म्हणून सांगितलं हुतं का?"

"न्हाई मालक. तुमी म्हणलात, कोरमचं बघ."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग हळूच खाली बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. नंतर ते मॅडमना म्हणाले, "त्यो ठराव रद्द करा. आबांच्या नावाला चोरीचे अंगठे नकोत. कमान करायचीच तर फाट्यावर करू, अन् ती बी माणसांना इचारून."

मॅडमनी हात वर करायला लावले आणि स्वतः फिरून मोजले. मी पहिल्यांदाच बघत होतो की ग्रामसभा खरी कशी असते. हौद ठेवायला एकशे बारा हात वर झाले. माझा त्यात नव्हता, तो वर करायचं माझं धाडस झालं नाही.

सभा संपल्यावर मॅडमनी माझ्याकडून किल्ल्या मागून घेतल्या. "काका, मला वर लिहावंच लागेल. चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका." त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना मी म्हणालो, तुम्ही लिहा, तुमचं बरोबर आहे. घरी गेल्यावर सुकन्याला सांगितलं. ती पीठ मळत राहिली.

उन्हं उतरल्यावर पाय आपोआप हौदाकडं वळले. कॉक सोडायला सरपंचांनी आपल्या पुतण्याला, आदिनाथला, पाठवलं होतं. मेंढरं पीत होती. मावशी कठड्यावर बसली होती, पण मला बघून तिनं तोंड फिरवलं. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"कावून बोललास?" ती म्हणाली. आवाजात राग होता. "मी सांगितलं हुतं न्हवं माझा हाय म्हणून? जलमभर चाललेय मी, आजून दोन कोस चालले असते. चार गाभ गेले असते तर गेले असते. तू ह्या वयात कुठं जाणार हायस? सुकन्येला काय घालशील?"

"मावशे, गप बसलो असतो तर मला झोप लागली नसती."

"लागली असती," मावशी म्हणाली. "बावीस वर्सं लागलीच की."

तिनं हे टोमण्यानं म्हटलं नाही. जे होतं ते सांगितलं, आणि मला बसायला कठड्यावर जागा करून दिली.